दोन मिलिमीटर तिरपं

किस्से कोणी जमवत नाही, ते आपोआप साठतात. आमच्या शेडमध्ये मशीनखाली कागदाची कातरणं साठतात ना, तसे. आठवडाभर कोणाचं लक्ष नसतं, आणि शनिवारी झाडू मारायला घेतला की पोतंभर निघतात!

आमची कंपनी बिस्किटं आणि साबण कागदात गुंडाळणारी मशिनं बनवते. शेड वारज्याच्या थोडं पुढे. मी तिथे दीड वर्षापूर्वी लागले. त्याआधी दोन वर्षं हॉलंडमध्ये शिकत होते. विषय होता, निरनिराळ्या देशांतले साहेब आपापली माणसं कशी चालवतात. परत येताना बरोबर एक मोठा रंगीत तक्ता होता. प्रत्येक देशाला एक रकाना. आणि तक्त्याहून मोठी खात्री होती, की साहेबानं आणि फिटरनं एका टेबलाशी बसावं, एकमेकांना तोंडावर खरं सांगावं, मग बघा आपले कारखाने कुठे जातात ते! ही खात्री अजून आहे. हसू नका.

आमची मशिनं जर्मनी, जपान आणि हॉलंडमध्ये विकणारे तीन भागीदार आहेत. या तिघांशी बोलायला एकच माणूस असावा, म्हणून कंपनीत नवं पद निघालं : परदेश विभागप्रमुख. मला ते हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, मी रात्रंदिवस त्याचीच तयारी करत होते. दुसरा उमेदवार एकच. मेश्राम.

आता सरळच सांगते. मी त्या माणसावर जळत होते. सोमवार ते शनिवार शेडमध्ये, आणि रविवारी घरून!

*

मेश्राम मूळ भंडाऱ्याकडचे. डिप्लोमा करून पुण्यात आले आणि बावीस वर्षं याच शेडमध्ये आहेत. मशीन तयार झालं की ते गिऱ्हाइकासमोर चालवून दाखवायचं, ज्याला आम्ही ट्रायल म्हणतो, ते त्यांचं काम. परदेशात एकदाही गेलेले नाहीत. इंग्रजी वाचतात, लिहितात. बोलताना मात्र तीनच वाक्यं.

"नो प्रॉब्लेम, सर."

"स्मॉल प्रॉब्लेम, सर."

"बिग प्रॉब्लेम, सर."

समोर बाई असली तरी सर!

शेडमध्ये या वाक्यांचे अर्थ ठरलेले होते. स्मॉल म्हणजे दोन मिनिटांचं काम. बिग म्हणजे दोन दिवसांचं. आणि नो प्रॉब्लेम म्हणजे माल ट्रकात चढला, आता बोलून उपयोग नाही.

पहिल्याच आठवड्यात मी सगळ्यांना जमवलं. खुर्च्या गोल मांडल्या. म्हटलं, "आजपासून साहेब नाही, मॅडम नाही. सगळ्यांनी एकमेकांना नावानं हाक मारायची. मला केतकी म्हणा."

दारात आमचे मालक दातार सर उभे होते. वय सत्तरीला टेकलेलं, बोलणं मोजकं. त्यांनी खुर्च्यांकडे पाहिलं.

"मांडणी छान आहे," ते म्हणाले. "संगीत कधी सुरू होणार?"

सगळे हसले. मीही हसले, दात-ओठ खाऊन. मग मेश्रामांनी हळूच हात वर केला.

"मी म्हणतो जी केतकी. पण काय आहे, उद्या तुमचं काही चुकलं तर 'मॅडम, असं नसते' म्हणता येते. 'केतकी, असं नसते' म्हटलं का ते भांडण होते."

अख्ख्या गोलानं माना डोलावल्या. मला आजही सगळे मॅडमच म्हणतात. दातार सर तेवढे म्हणत नाहीत. ते मला 'हॉलंडकर' म्हणतात.

*

आमचा जर्मन भागीदार क्लाउस. त्याच्या ट्रायलची तयारी मी तक्ता समोर ठेवून केली. जर्मनीचा रकाना निळा : वेळ, कागद, शिस्त. फाइल तयार, मशीन चकाचक, चहासुद्धा घड्याळ लावून!

क्लाउस आला. एक फेरी मारली आणि मशीनच्या दारापाशी थबकला. दारावरचं सूचनेचं स्टिकर तिरपं होतं.

मी ते झाकायला पुढे झाले. क्लाउसचा चेहरा मात्र उजळला. त्यानं फोटो काढला. पट्टी मागवली, मोजलं, वहीत पहिला मुद्दा म्हणून लिहिलं. स्टिकर कसं लावतात, कोण लावतं, कोण तपासतं, यावर अर्धा तास चर्चा झाली.

"स्मॉल प्रॉब्लेम, सर," म्हणत मेश्रामांनी स्टिकर काढलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत नवं सरळ लावलं. त्यानंतर क्लाउस असा खुलला, की उरलेली सगळी यादी जेवणाआधी संपली!

तो गेल्यावर मी फिटर लोकांवर भडकले. "कोणी लावलं ते स्टिकर?"

"मी लावलं," मेश्राम म्हणाले. "मोजून. दोन मिलिमीटर तिरपं. तीन लावलं का साहेबाले राग येते. एक लावलं का दिसत नाही."

"मुद्दाम?"

"लेकराले तीट लावते ना माय? पाहणाराची नजर पयले तिथं जाते, मंग लेकरू वाचते. साहेब एवढ्या दुरून येते. काहीच नाही सापडलं, तर घरी जाऊन काय सांगन, फिरून आलो म्हणून?"

आणि तीट लावायचे नियम होते! सुरक्षेच्या भागाला लावायची नाही. बिस्किटाला ज्याचा स्पर्श होईल तिथे लावायची नाही. आणि गिऱ्हाइकासमोर दोन मिनिटांत निघाली पाहिजे.

मी म्हटलं, ही फसवणूक आहे. हॉलंडमध्ये आम्ही असं कधी करत नाही, जे आहे ते तोंडावर सांगतो.

"हाव," मेश्राम म्हणाले. "तिथं तसंच बरोबर असंन."

या माणसाची सगळ्यात वाईट सवय हीच होती. वाद घालायचे नाहीत. समोरच्यानं जळायचं तरी कशावर?

*

अमेरिकेचं एक गिऱ्हाईक आलं तेव्हा मी मेश्रामांना आधीच बजावलं. "अमेरिकन साहेब कौतुक करून काम करून घेतात. त्यांच्यासमोर तीट-बीट नको."

त्यांनी ऐकलं नाही. मशीनच्या सगळ्या बटणांना काळी टोपणं होती, त्यांत एक निळं बसवलं.

साहेब आला. दार उघडलं, "ऑसम!" बिस्किट आत गेलं, "ऑसम!" गुंडाळून बाहेर आलं, "ऑसम!" फिटरशी हात मिळवले, मशीनच्या पाठीवर थाप मारली, दातार सरांच्या पाठीवरही मारली. सरांच्या पाठीवर थाप मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. सरांनीही पाहिली नसावी.

निळं टोपण त्याला दिसलंच नाही. तीन तासांत नाही!

मी खूश होते. शेवटी माझा तक्ता खरा ठरला होता. मेश्राम मात्र डबा समोर ठेवून तसेच बसलेले.

"काय झालं?"

"तो पाहतच नव्हता, मॅडम. जो इथं पाहत नाही, तो घरी जाऊन आठवते."

पुढच्या आठवड्यात मेल आला. एकतीस तक्रारी! प्रत्येक तक्रारीची सुरुवात 'ग्रेट जॉब!' अशी.

निळं टोपण त्यातही नव्हतं.

*

जपानचे भागीदार मोरी-सान. त्यांच्यासाठी तर मी महिनाभर तयारी केली. किती वाकायचं, कोणाला आधी बसवायचं, व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी कसं द्यायचं, आरशासमोर सराव केला. आई दारातून म्हणाली, "अगं, मुलगा बघायला येतोय का?"

मोरी-सान आले. बरोबर तीन इंजिनिअर, सगळ्यात धाकटी हारुका नावाची मुलगी. मी वाकले. दोन्ही हातांनी कार्ड दिलं. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, नीट वाचलं आणि कार्डांच्या डबीत ठेवलं. अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे!

मेश्रामांची कार्डं संपली होती. त्यांनी मशीनखालचं एक कोरं कातरण उचललं, पेनानं नाव आणि नंबर लिहिला आणि ते एका हातानं पुढे केलं. दुसऱ्या हातात पाना होता.

मग ट्रायल सुरू झाली. मोरी-सान मशीनभोवती एकदा फिरले, एका जागी क्षणभर थांबले आणि पुढे गेले. त्यांना तीट दिसली हे मला कळलं. त्या दिवशी एका स्क्रूची खाच बाकीच्यांपेक्षा वेगळ्या दिशेला होती. पण ते काही बोललेच नाहीत. हारुकाला दोन शब्द सांगितले आणि हात मागे बांधून उभे राहिले.

ती शोधू लागली. अर्धा तास. एक तास. मोरी-सान उभेच. त्यांचे दोन इंजिनिअर उभे, म्हणून आमचे फिटर उभे, म्हणून दातार सरसुद्धा उभे! मला राहवेना. तिला खुणेनं सांगावं असं वाटलं. मेश्रामांनी डोळ्यांनीच मला दटावलं.

दोन तासांनी तिचं बोट त्या स्क्रूवर गेलं आणि अख्ख्या शेडनं टाळ्या वाजवल्या!

मोरी-सान वळले आणि कमरेत वाकले. हारुकासमोर नाही, माझ्यासमोर नाही. मेश्रामांसमोर. मेश्राम पाना घेऊन तसेच वाकले. दोघांत एक शब्दही समाईक नव्हता, आणि तरी त्यांचं काहीतरी बोलणं झालं.

निघताना मोरी-साननी पाकीट उघडलं तेव्हा मी पाहिलं. बिस्किटाच्या कागदाचं ते कातरण आत होतं, घडी न पाडता ठेवलेलं. माझं कार्ड डबीत होतं, इतर सगळ्यांच्या कार्डांबरोबर.

नव्या वर्षाला जपानहून शेडमध्ये एक शुभेच्छापत्र आलं. कोणाच्या नावानं, ते सांगायला नको.

*

मारयेके आली तेव्हा मात्र वाटलं, आता माझी पाळी! हॉलंडची भागीदार, म्हणजे माझंच माणूस. मी तिला पुण्यातलं कामकाज दाखवायला कसबा पेठेत नेलं. आमच्या मशीनचा तांब्याचा एक भाग अजून तिथे हातानं ठोकून होतो. करणारे आजोबा गुडघा वर करून बसले होते, घाव घालत.

मारयेकेनं माझ्यामार्फत विचारलं, "तुम्ही तुमच्या माणसांना प्रेरणा कशी देता?"

आजोबांनी हातोडी थांबवली नाही. "उजेड अडवू नका म्हणतो."

ती दोन पावलं बाजूला सरकली. मीही सरकले. चर्चा संपली.

शेडमध्ये आल्यावर तिनं हॉलंडचा खाक्या दाखवला. सगळ्यांसमोर, दातार सर शेजारी बसलेले असताना, तिनं मेश्रामांना विचारलं, "तुमचे मालक कोणाचं ऐकून घेत नाहीत असं मला वाटतं. खरं आहे का?"

मी अनुवाद केला. कोणी तरी करायलाच हवा होता.

मशीनसुद्धा बंद पडल्यासारखं वाटलं. मी मात्र खुर्ची पुढे ओढली. हाच तो क्षण! तोंडावर खरं! मेश्राम आता 'छे छे' म्हणणार आणि मारयेकेच्या नजरेतून उतरणार.

मेश्रामांनी दातार सरांकडे नीट पाहिलं. वरून खाली, ट्रायलला मशीन पाहतात तसं.

"स्मॉल प्रॉब्लेम, सर," ते म्हणाले.

दातार सर हसले. खरंच हसले! पुढे महिनाभर कोणी काही सांगायला केबिनमध्ये गेलं की ते पेन खाली ठेवून म्हणायचे, "बोला. मी ऐकतोय. दोन मिनिटांचं काम आहे."

विमानतळावर सोडायला मी गेले. संध्याकाळची गर्दी, दीड तास गाडीत. मारयेके सगळा वेळ मेश्रामांबद्दल विचारत होती. हे व्यवस्थापन ते कुठे शिकले?

"भंडाऱ्याला," मी म्हणाले.

तिनं वहीत लिहून घेतलं.

*

मी ठरवलं, एकदा दाखवूनच द्यायचं. क्लाउसचं पुढचं मशीन मी मागून घेतलं. तीट नाही. एकही नाही. मी स्वतः स्टिकरं पट्टी लावून पाहिली, प्रत्येक स्क्रूची खाच जुळवली. मेश्राम बाजूला उभे.

"मॅडम, एक तरी राहू द्या."

"नाही. चांगलं काम तपासून घ्यायला लाज कसली?"

क्लाउस आला. एक फेरी मारली. दुसरी मारली. वही कोरीच. अकरा वाजता तो अस्वस्थ झाला. बारा वाजता त्यानं कोट काढला. जेवला नाही. दुपारी त्यानं गिअरबॉक्स उघडायला लावला. आत सगळं चोख! मग तो जमिनीवर पालथा झोपून मशीनच्या पायांकडे पाहू लागला.

"पाय याच उंचीचे का?" त्यानं विचारलं.

नऊ वर्षं पाय त्याच उंचीचे होते. कोणीच, कधीच विचारलं नव्हतं.

तो दोन दिवस जास्त राहिला. त्यानं पायांची उंची बदलायला लावली, म्हणून गुंडाळलेली बिस्किटं बाहेर पडायची बाजू नव्यानं करायला लागली. माल महिनाभर उशिरा गेला.

दातार सर एवढंच म्हणाले, "हॉलंडकर, निर्दोष माल फक्त देवाला वाहतात. तोही बोलत नाही म्हणून."

*

त्याच कामासाठी एक सेन्सर हवा होता, म्हणून मी आणि मेश्राम त्यांच्या स्कूटरवरून बुधवार पेठेत गेलो. सेन्सर घेतला आणि गल्लीच्या तोंडाशी चहा प्यायलो. मी म्हटलं, विचारूनच टाकू.

"मेश्राम, तुम्हाला ते पद खरंच हवंय?"

मला वाटलं, नेहमीसारखं 'हाव जी, पाहू' म्हणतील. म्हणजे मग मला सुखानं जळता येईल.

"पाहिजे," ते म्हणाले. "तुमाले खोटं काऊन सांगू? बावीस वर्षं मशिनं जहाजात चढवून रायलो. पोरगी म्हणते, बाबा, तुमची मशिनं जग फिरून आली, तुम्ही खडकवासल्याच्या पुढं नाही गेले. एकदा आपण पण चढून पाहावं म्हणतो."

चहाचे पैसे त्यांनी दिले. मला तो चहा आठवडाभर पचला नाही.

*

आता शेवटचा. हा मी आजवर कोणाला सांगितलेला नाही.

तिन्ही भागीदार वार्षिक बैठकीला पुण्यात आले होते. दातार सरांनी जाहीर केलं, "प्रमुख तुम्ही तिघांनी ठरवा. तिघांनीही हो म्हटलं पाहिजे. मी चहा देईन." दोघा उमेदवारांनी आपल्या कामाची एकेक फाइल द्यायची, मग मुलाखत.

दोन दिवस आधी मेश्राम त्यांची फाइल घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

"मॅडम, इंग्रजी तेवढं पाहून देता?"

विचार करा. ज्याच्याविरुद्ध लढायचं तोच हत्यार धार लावायला आणून देतो! मी फाइल पाहिली. फार चांगली होती. बावीस वर्षांची मशिनं, प्रत्येकाची कहाणी, प्रत्येक चूक आणि तिच्यावरचा उपाय. माझ्या फाइलीत तक्ता होता.

इंग्रजी मी प्रामाणिकपणे दुरुस्त केलं. एकेक ओळ. तिथे मी तसूभरही कमी पडले नाही, शपथ घेऊन सांगते.

चौथ्या पानावर एक फोटो चिकटवलेला होता. त्यांनी चालवून दाखवलेलं पहिलं मशीन, शेजारी बारीक मिशीतले मेश्राम. फोटो जरासा तिरपा होता.

मी पट्टी काढली. मोजलं.

मग फोटो अलगद सोडवला आणि सरळ चिकटवला. पुन्हा मोजलं. कोणीही म्हणेल, मदतच केली.

दुसऱ्या दिवशी मेश्राम पेठेत चालले होते. "तुमचीही फाइल द्या मॅडम, दोन्ही बाइंडिंग करून आणतो." मी दिली. त्यांनी स्वतःची फाइल घेतली, माझ्यासमोर चाळली. चौथ्या पानावर थोडे थांबले. फोटोच्या कडेवरून अंगठा फिरवला. दोन्ही फाइली पिशवीत घालून स्कूटरला लाथ मारली.

मुलाखतीत आधी मेश्राम. केबिनला काच आहे, बाहेरून सगळं दिसतं. क्लाउसनं त्यांची फाइल चाळली. पुढून मागे, मग मागून पुढे. चौथं पान वर धरलं, डोळे बारीक करून पाहिलं, खाली ठेवलं. अकराच्या सुमाराला त्यानं कोट काढला.

त्यानं काय विचारलं ते दातार सरांनी नंतर सांगितलं. विचारलं, "डिप्लोमा झालेला माणूस आमच्या इंजिनिअरांना सूचना कशा देणार?" नऊ वर्षांत त्याला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

क्लाउसनं हरकत कागदावर लिहिली. मोरी-सान भर बैठकीत कोणाला खोडून काढत नाहीत, ते टेबलाकडे पाहत राहिले. मारयेके म्हणाली, तिघांचं एकमत नसेल तर पुढे जायचं नाही, आमच्याकडे असंच असतं. दातार सर म्हणाले, "बघू." माझ्या तक्त्यातले हे चारही रकाने एका ओळीत उभे राहिले, बरोब्बर मी लिहिले होते तसे!

मग माझी पाळी. क्लाउसनं माझी फाइल उघडली. सहा पानं उलटली आणि त्याचा चेहरा उजळला.

सातवं पान उलटं बांधलेलं होतं. डोकं खाली, पाय वर!

"हे गलथान आहे," मारयेके तोंडावर म्हणाली. क्लाउसनं पेन काढून पहिला मुद्दा लिहिला. मोरी-साननी त्या पानाकडे पाहिलं, मग काचेतून बाहेर मेश्रामांकडे पाहिलं, आणि तिकडेच पाहत राहिले.

"हॉलंडमध्ये असं वाचतात का?" दातार सरांनी विचारलं.

सगळे हसले. मी पान फाडून सरळ ठेवलं, दोन मिनिटांत. उरलेली फाइल जेवणाआधी संपली. तिघांनीही हो म्हटलं.

मी बाहेर आले. मेश्राम एका मशीनचं दार पुसत होते. दोन्ही फाइली माझ्या हातात होत्या. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि खिशातून पेढ्याचा पुडा काढला. आधीच आणून ठेवलेला.

"घ्या मॅडम."

पेढा हातातच राहिला. "मेश्राम, माझं सातवं पान..."

"स्मॉल प्रॉब्लेम, सर."

मी त्यांची फाइल उघडली. चौथं पान. फोटो तसाच होता, मी चिकटवलेला, चारही बाजूंनी सरळ.

"आणि हा फोटो?" मी विचारलं.

त्यांनी फोटोतल्या त्या बारीक मिशीवाल्या पोराकडे पाहिलं. मग फाइल माझ्या हातातून घेतली आणि हलकेच मिटली.

"नो प्रॉब्लेम, सर."